राजीनाम्यावर सही करण्याआधी

आज आपण पुण्याच्या हिंजवडीतल्या कंपन्यांविषयी बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? आहे. गटाचं कर्ज काढून ज्यांच्या इंजिनिअरिंगच्या फिया आपण भरल्या, त्यातली कितीतरी मुलं-मुली आज तिथं कॉम्प्युटरवर काम करतात.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी अशाच एका कंपनीत सहा वर्षं होती. एका दुपारी तिला खोलीत बोलावून सांगितलं, "तासाभरात राजीनामा द्या, नाहीतर काढून टाकल्याचा शेरा पडेल." पोरगी घाबरली, राजीनामा दिला. संध्याकाळी लॅपटॉपही काढून घेतला. दोन महिने तिनं घरी कळू दिलं नाही. ताईंचा हप्ता थकला तेव्हा उलगडा झाला. आणि आम्ही काय म्हणालो? "कामात कमी पडली असेल." मैत्रिणींनो, ते आमचं चुकलं.

या कंपन्या परदेशातल्या बँकांचं, विमा कंपन्यांचं, दुकानांचं काम करारावर घेतात. एक काम संपलं की दुसरं मिळेपर्यंत माणूस थांबून राहतो, त्याला 'बेंचवर असणं' म्हणतात. मजूर अड्ड्यावर आपण कामाची वाट बघत उभ्या राहतो तसंच, फक्त त्यांचा पगार चालू असतो. बाहेरचं काम आटलं किंवा नवं तंत्र आलं की कंपनी माणसं कमी करते. २०२५ च्या जुलैमध्ये टीसीएस या देशातल्या मोठ्या कंपनीनं सुमारे १२,००० माणसं, म्हणजे शंभरातली दोन, कमी करणार असं जाहीर केलं. इतक्या जणांची नोकरी जाते तेव्हा प्रत्येकाचाच दोष कसा असेल?

आता कायद्याचं ऐका. कामगाराला एक वर्ष सलग नोकरी झाल्यावर कपात म्हणून काढायचं, तर एक महिन्याची लेखी नोटीस किंवा तेवढा पगार द्यावा लागतो. शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराएवढी भरपाई. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात हे होतं, आणि नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. पण आपणहून राजीनामा दिला असं कागदावर आलं, की ही भरपाई मागणं अवघड होतं. सहीची घाई असते ती म्हणूनच.

कंपनी म्हणेल, तुम्ही कामगार नाही, मॅनेजर आहात. पण नुसत्या हुद्द्याच्या नावावर ते ठरत नाही. रोज प्रत्यक्ष काम काय करता, हे बघितलं जातं.

म्हणून आपल्या मुलांना आजच फोन करून चार गोष्टी सांगा. पहिली, त्याच बैठकीत सही करू नका, विचाराला वेळ मागा. दुसरी, राजीनामा द्यायला सांगितलं असेल, तर तसं त्याच दिवशी कंपनीला ईमेलनं लिहून कळवा. तिसरी, नेमणूकपत्र आणि पगाराच्या पावत्यांच्या प्रती आधीपासून घरी ठेवा, कारण लॅपटॉप गेल्यावर हाती काही राहत नाही. चौथी, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता येते. आणि पाच वर्षं भरली असतील, तर राजीनामा दिला तरी ग्रॅच्युइटी मिळते. आमच्या ताईंच्या मुलीला हेही माहीत नव्हतं. आता तिनं अर्ज केला आहे.

गटानं बैठक घेऊन ताईंना हप्त्यासाठी सहा महिन्यांची सवलत दिली. मुलगी गावी आली तेव्हा कुणी काही विचारलं नाही, जेवायला बोलावलं. महिनाभरानं तीच गटाचा हिशेब तपासायला बसली.

आपण फोनवर नेहमी विचारतो, "पगार वाढला का?" कधीतरी असंही म्हणूया, "काम सुटलं तरी घर आहे, आधी आम्हाला सांग." एवढं माहीत असलेली पोरगी त्या खोलीत एकटी पडणार नाही.