१.९ मोठं की १.१०?

आजचा एपिसोड छोटाय, पण चूक माझीच आहे, त्यामुळं नीट ऐका.

सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणाऱ्या एका युनिटला मी ॲप करून दिलं होतं. बायका शिवलेले नग त्यात टाकतात, शनिवारी मजुरीचा हिशोब निघतो. नगाचा रेट वाढला. नवा रेट घालून मी व्हर्जन १.१०.० सोडलं आणि निवांत झालो. शनिवारी सुपरवायझरचा फोन: "काय बे, निम्म्या बायकांचा हिशोब जुन्याच रेटनं निघालाय की!" ज्यांच्या फोनवर मी हातानं इन्स्टॉल केलं होतं, त्यांचाच बरोबर.

झालं काय, ॲप उघडलं की ते सर्व्हरला विचारतं, नवीन काय आहे? सर्व्हर म्हणाला १.१०.०. फोनमध्ये १.९.०. मी दोन्ही स्ट्रिंग म्हणून कंपेअर केलेले, म्हणजे नुसती अक्षरं. ती डावीकडून एकेक तपासली जातात. १ सारखा, टिंब सारखं, मग ९ समोर १. नऊ मोठा, विषय संपला! पुढचं शून्य कोण बघतंय? फोनला वाटलं, आपणच नवे. १.१ ते १.९ हाच कोड बिनबोभाट चालला होता बरं का.

मग दशांश धरायचा? तेही नाही, १.१० चं १.१ होतं. २०२१ मध्ये पायथन ३.१० आलं तेव्हा यामल फाइलमध्ये अवतरण चिन्ह न घातलेल्यांना ३.१ मिळालं. आपल्या सातबाऱ्यावर ४५/९ नंतर ४५/१० येतो, त्याला ४५/१ कुणी म्हणत नाही. व्हर्जनचंही तसंच. टिंबावर तोडायचं, प्रत्येक तुकडा पूर्णांक करायचा, डावीकडून तुलना करायची. बीटा वगैरे शेपूट असेल तर सरळ तयार लायब्ररी वापरा.

मोठे लोकही यात अडकलेत. २००९ मध्ये ऑपेरा १० आला, तेव्हा कित्येक साइट पहिलाच आकडा वाचायच्या आणि त्याला व्हर्जन १ समजायच्या. शेवटी ऑपेरानं स्वतःची ओळख ९.८० अशीच सांगत राहायचं ठरवलं!

माझी खरी पंचाईत वेगळीच. चुकीचा कोड जुन्या फोनमध्येच बसलेला, मग दुरुस्ती पोचणार कशी? रात्री सुचलं. तोच अपडेट २.०.० म्हणून सोडला. पहिलंच अक्षर मोठं, सगळे फोन गपगुमान अपडेट झाले.

फरकाचे पैसे सोमवारी दिले. एक मावशी मात्र तेव्हापासून नग वहीतही लिहून ठेवतात. अजूनही.