मातेची चोळी

श्रोतेहो, हा विषय म्हाताऱ्या मास्तराचा नव्हे, असें आपण म्हणाल. परंतु बाळंतपणानंतर माझ्या सुनेचें दूध तुंबून तिला ताप भरला, आणि घट्ट ब्रा काचते हें ती संकोचानें दोन दिवस बोलली नाहीं. १९७५ नंतर आमच्या राळेगणसिद्धीनें पावसाचें पाणी अडविलें, जिरविलें, मोजून वापरलें. लेकीसुनांच्या कपड्याचें माप घेण्याची मात्र आम्हांस लाज!

पूर्वीच्या खणाच्या चोळीला पुढें गांठ असे. अंग भरलें कीं ती सैल बांधावी, मूल रडलें कीं सोडावी. आज तयार ब्रा घेतांना हीच सोय पाहावी.

गरोदरपणीं जुनी काचूं लागतांच नवें माप घ्यावें. दूध उतरल्यावर पुन्हा घ्यावें. कापड सुती, खांद्यावरचे पट्टे रुंद, पुढून उघडणारी व बिनतारेची असावी. खालच्या पट्ट्यांत दोन बोटें सहज जावींत. दुधानें ओली होतांच बदलावी. स्तनांत गांठ येऊन ताप आल्यास डॉक्टरांस दाखवावें; पाजणें मात्र आपल्या मनानें थांबवूं नये. पहिले ६ महिने बाळास आईचेंच दूध हवें.

डोहाळजेवणाला ओटी भरतांना सासूबाईंनीं खणाबरोबर सुनेच्या मापाच्या अशा दोन ब्रा द्याव्या. त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं.