बंदर उरणला, रस्ता आपल्या दारात

(खोपोली इथे कर्जत-खालापूरच्या तरुण-तरुणींसमोर केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



मला दिलेला विषय आहे ‘बंदर प्राधिकरण आणि आपल्या भागाचा विकास’. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या रांगेतली दोन-तीन मुलं एकमेकांकडे बघून हसली. बरोबर आहे त्यांचं. खोपोलीत समुद्र कुठे आहे? कर्जतला उल्हास नदी आहे, इथे पाताळगंगा आहे. पण जहाज बघायचं तर उरणलाच जावं लागतं.

तरी एक गोष्ट करून बघा. इथून बाहेर पडल्यावर जुन्या हायवेवर दहा मिनिटं उभे राहा आणि कंटेनर लादलेले ट्रेलर मोजा. ते बंदरातून तरी येत असतात, नाहीतर बंदरात तरी चाललेले असतात. उरण तालुक्यातलं न्हावा-शेवाचं बंदर, म्हणजे आपण अजून जेएनपीटी म्हणतो ते, १९८९ मध्ये सुरू झालं. २०२४-२५ या वर्षात तिथून सुमारे ७३ लाख टीईयू माल हलला. वीस फुटी पेटी म्हणजे एक टीईयू. भागाकार करा, दिवसाला वीस हजार पेट्या होतात. त्यातल्या काही रेल्वेने जातात, काही गुजरात-दिल्लीकडे जातात. पण पुणे, चाकण आणि पुढच्या दख्खनचा रस्त्याने जाणारा बहुतेक माल आपल्या बोरघाटातून जातो.

मग एवढा माल दारातून जातो, त्यातलं आपल्या घरात काय राहतं? मला आज बोलायचंय ते एवढंच.

आधी हे प्राधिकरण म्हणजे काय ते समजून घेऊ. पूर्वी तो ट्रस्ट होता. २०२१ च्या महापत्तन प्राधिकरण कायद्यानंतर त्याचं ‘प्राधिकरण’ झालं, म्हणून जेएनपीटीचं जेएनपीए. पुष्कळ मुलांना वाटतं की बंदरात नोकरी म्हणजे जेएनपीएची सरकारी नोकरी. तसं आता राहिलेलं नाही. प्राधिकरण आज मुख्यतः जमीनमालक आहे. धक्के आणि क्रेन चालवतात खाजगी टर्मिनल कंपन्या. पहिलं खाजगी कंटेनर टर्मिनल तिथे १९९९ मध्येच सुरू झालं होतं. प्राधिकरण जमीन देतं, वाटा घेतं, चॅनेल खोल ठेवतं, रस्ते-रेल्वेसाठी सरकारकडे बोलतं. खरं काम भिंतीबाहेर पसरलेलं आहे: क्लिअरिंगची ऑफिसं, कंटेनर फ्रेट स्टेशनं, रिकाम्या पेट्यांची यार्डं, वेअरहाऊस, ट्रान्सपोर्ट. ‘बंदरामुळे इतके रोजगार’ असं जे छापून येतं त्यातले बहुतेक इथले असतात. त्यांची जाहिरात पेपरात येत नाही, ओळखीने भरली जातात.

आता थोडा इतिहास. आपल्या गावांना बंदर नवीन नाही. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्ये झाला. दख्खनचा कापूस घाट उतरून खोपोलीत यायचा, इथून पनवेल बंदरात आणि पुढे होड्यांनी मुंबईला. त्या मुंबईत कोकणी मुसलमान नाखुदा आणि जहाजमालक होते. रोगे घराण्याचं नाव तुम्ही ऐकलं असेल. मग रेल्वे आली. १८५६ मध्ये मुंबईची गाडी खोपोलीपर्यंत पोचली, १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे रूळ पडले, आणि मधला घाट मात्र तसाच राहिला. त्या काळात पुण्याला जाणारा माणूस खोपोलीत गाडीतून उतरायचा आणि पालखीने, तट्टाने नाहीतर बैलगाडीने घाट चढायचा. मालही इथे उतरायचा आणि पुन्हा भरला जायचा. काय वर्दळ असेल त्या दिवसांत! हमाल, भोई, गाडीवान, सराई. मग १८६३ मध्ये कर्जतवरून घाटाची लाइन पूर्ण झाली. ती बांधताना हजारो मजूर मेले, ती गोष्ट वेगळी सांगावी लागेल. खोपोली एका फाट्याचं शेवटचं स्टेशन झाली, आजही आहे. माल तोच, मुंबई तीच, फक्त थांबायची जागा बदलली.

थांबा कर्जतला गेला. घाट चढायला मागून जादा इंजिनं लावावी लागतात, म्हणून गाडी कर्जतला थांबायची. गाडी थांबली म्हणून कर्जतचा बटाटावडा महाराष्ट्रभर गाजला. हसू नका, हे अर्थशास्त्रच आहे. जाणाऱ्या मालातून गावाला काही मिळत नाही, थांबणाऱ्यातून मिळतं. जुन्या हायवेवर ढाबे, गॅरेज, पंक्चरवाले जगले. २००२ मध्ये एक्स्प्रेसवे पूर्ण झाला आणि त्यांतल्या बऱ्याच जणांचं गिऱ्हाईक वरच्या रस्त्याने निघून गेलं. आपल्या मोहल्ल्यातली कितीतरी घरं या धंद्यावर होती. डेंटिंग, वेल्डिंग, टायर, भंगार. तुमच्यापैकी कोणाचे अब्बा, कोणाचे चाचा त्यात असतील.

आणि आता तिसऱ्यांदा थांबा बदलतोय. मार्च २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पागोटे ते चौक हा सहापदरी महामार्ग मंजूर केला. उरणमधलं पागोटे आणि आपल्या खालापूर तालुक्यातलं चौक. लांबी सुमारे २९ किलोमीटर, खर्च साडेचार हजार कोटी. डोंगरात दोन बोगदे. मुंबई-गोवा महामार्ग आणि एक्स्प्रेसवे दोन्हींना जोड. कारण सरकारनेच सांगितलंय: बंदरातून निघालेल्या गाडीला कळंबोली, पळस्पे, पनवेलच्या कोंडीतून बाहेर पडायला दोन-तीन तास लागतात.

बंदराच्या दृष्टीने हा उत्तम रस्ता आहे. पण मंजुरीच्या कागदात एक शब्द आहे, प्रवेश-नियंत्रित. म्हणजे कडेला टपरी नाही, गॅरेज नाही, मधेच वळायला जागा नाही. कंटेनर पागोट्याला आत शिरेल आणि चौकला बाहेर पडेल. ‘रस्ता आला, आता हॉटेल टाकू’ असं कोणी मनात धरलं असेल तर ते आजच सोडा. फायदा होईल तो रस्त्याच्या तोंडाशी, जिथे गाड्या बाहेर पडतात तिथे. तिथे गोदामं होतील, पार्किंग होईल. म्हणजे सगळ्यात आधी प्रश्न येतो जमिनीचा.

इथे मला जरा थांबू द्या.

उरणचं काय झालं ते बघा. जानेवारी १९८४ मध्ये जासई-दास्तानफाट्याला जमिनीसाठी आंदोलन झालं, दि. बा. पाटील नेते होते. दोन दिवसांच्या गोळीबारात पाच माणसं गेली. त्या लढ्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं धोरण आलं. पण जेएनपीटीच्या प्रकल्पग्रस्तांना त्या जमिनीची इरादापत्रं मिळायला ऑगस्ट २०१४ उजाडला. बंदर सुरू होऊन पंचवीस वर्षं झाली होती. शेव्याच्या कोळ्यांना हनुमान कोळीवाड्यात वसवलं, तिथे घरांना वाळवी लागली, आणि पुन्हा पुनर्वसन मागण्यात त्यांची एक पिढी गेली. बंदराने देशाचा व्यापार वाढवला हे खरं आहे. शेजारच्या माणसाला त्याच्या वाट्याचं एक पिढी उशिरा मिळालं, हेही तितकंच खरं आहे.

मग आपण काय करायचं? आपलं संकट जरा वेगळं आहे आणि ते आपल्याच कपाटात आहे. राष्ट्रीय महामार्गासाठी जमीन घेताना १९५६ च्या कायद्याखाली आधी ‘३-ए’ची अधिसूचना निघते. ती राजपत्रात येते आणि दोन वर्तमानपत्रांत, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. त्यानंतर हरकत घ्यायला मिळतात २१ दिवस. मग ‘३-डी’ निघाली की जमीन सरकारची. मोबदला ठरतो तो सातबाऱ्यावर नाव असलेल्यांचा. वारसांत वाद असला की वाटणीचा प्रश्न दिवाणी न्यायालयात जातो आणि पैसे तिथे पडून राहतात.

आता हात वर करा, किती जणांच्या सातबाऱ्यावर अजून आजोबांचं किंवा पणजोबांचं नाव आहे? ... बघा. निम्म्याहून जास्त.

आजोबांचा इंतकाल होऊन तीस वर्षं झाली, वारस नोंद नाही, फेरफार नाही. कशाला करायचं, भाऊ-भाऊ एकत्रच तर आहेत! आणि खरं कारण आपण बोलत नाही. वारस नोंद करायला गेलं की फुफीचं नाव लागतं. आत्यांची, बहिणींची नावं लागतात. म्हणून एकतर नोंदच करायची नाही, नाहीतर करायची आणि लगेच हक्कसोडपत्रावर सही घ्यायची.

आमच्या घरात हे झालंय. एका रस्त्यासाठी आमची थोडी जमीन गेली. मोबदला येणार म्हटल्यावर माझ्या फुफीला बोलावलं, बिर्याणी झाली, साडी दिली, आणि निघताना कागदावर अंगठा घेतला. मी तेव्हा बारावीत होतो. कागद मीच वाचून दाखवला होता. तिने विचारलं, “बेटा, हे कशाचं?” मी म्हणालो, “जमिनीचं, घरातलंच आहे.” ती गेली तेव्हा तिच्या औषधांची उधारी मेडिकलवाल्याकडे होती. सूरह निसामध्ये मुलीचा वाटा ठरवून दिलेला आहे. ते आम्ही तकरिरीत ऐकतो, रमजानमध्ये रडतो, आणि तलाठ्याकडे जाताना विसरतो. मी यात साक्षीदार नाही, भागीदार आहे, म्हणून सांगतोय.

आणि आपल्यापेक्षाही वाईट अवस्था कातकरी, ठाकर वाड्यांची आहे. पिढ्यान्‌पिढ्या कसलेल्या जमिनीचा त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे कागदच नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, ती याच चौकच्या वरच्या डोंगरात. इथे बोगदे खोदताना, डोंगर फोडताना कुणाच्या वाडीखाली काय होतंय हे विचारायला आपण त्यांच्यासोबत ग्रामसभेत उभं राहिलं पाहिजे. आपली जमीन त्यात नसली तरीही.

आता नोकरीचं. हे भराभर सांगतो, कारण नंतर तुम्ही विचारणारच आहात.

मी क्लिअरिंगच्या धंद्यात चौदा वर्षं आहे. ज्या ऑफिसात पहिल्यांदा लागलो तिथे चार वर्षं माझं कार्डच काढलं नाही. काम साहेबांचं, धावपळ माझी, आणि कस्टमच्या गेटवर माझी ओळख शून्य. मलाही माहीत नव्हतं की मागायचं असतं. कस्टम ब्रोकरकडे काम करायला कमीत कमी बारावी पास लागते. आधी ‘एच’ कार्ड, मग परीक्षा देऊन ‘जी’ कार्ड. ‘जी’ कार्ड असलेला माणूस कागदांवर सही करू शकतो, त्याला कोणी सहज काढत नाही. इंटरव्ह्यूला जाल तेव्हा पगार विचारता तसं हेही विचारा: कार्ड कधी काढणार?

मुलींनो, हे काम मुख्यतः कॉम्प्युटरवरचं आहे. बिल ऑफ एंट्री भरणं, शिपिंग लाइनशी पत्रव्यवहार. धक्क्यावर उभं राहावं लागत नाही. कर्जत-पनवेल उपनगरी मार्गाचं काम चाललंय, चौक, मोहोपे, चिखले ही स्टेशनं त्यावर आहेत. लोकल सुरू झाली की चौकची मुलगी पनवेलच्या ऑफिसात नोकरी करून मगरिबच्या सुमारास घरी येऊ शकते. घरच्यांशी बोलणी आतापासून सुरू करा, ट्रेनची वाट बघू नका.

ड्रायव्हिंग करणाऱ्यांसाठी: जड वाहनाच्या लायसन्सला आता आठवी पासची अट नाही, ती २०१९ मध्ये गेली. पण पाताळगंगा, खोपोलीच्या कारखान्यांचा केमिकलचा टँकर चालवायचा तर तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसन्सवर तशी नोंद लागते. ते करून घेतलेला ड्रायव्हर वेगळ्या दराने मिळतो. आमच्या पोरांना पंधरा वर्षांचा अनुभव असतो आणि हा एक शिक्का नसतो.

शेवटी प्राधिकरणाकडे काय मागायचं. त्यांच्या मंडळावर राज्य सरकार, रेल्वे, संरक्षण, कस्टम यांचे सदस्य असतात, कामगारांचे दोन असतात. कर्जत-खालापूरच्या माणसासाठी खुर्ची नाही, पनवेल-उरणच्या ग्रामपंचायतीसाठीही नाही. पण २०२१ च्या कायद्यातच तरतूद आहे की बंदर आपला निधी शिक्षण, आरोग्य, कौशल्य प्रशिक्षण अशा सामाजिक कामांना वापरू शकतं. ‘शकतं’ म्हणजे मागितल्याशिवाय मिळत नाही. गेल्या पाच वर्षांत तो निधी कोणत्या तालुक्यात गेला, हा माहिती अधिकाराचा एक पानी अर्ज आहे. मी मसुदा आणलाय. मस्जिद ट्रस्टच्या नावाने नको, आयटीआयच्या मुलांच्या नावाने करा, सगळ्या समाजांच्या मुलांना घेऊन करा. चौकचा रस्ता सगळ्यांचाच आहे.

ज्यांनी सातबारा आणलाय त्यांनी मागच्या टेबलावर बसा, वारस नोंदीचा अर्ज आज भरून घेऊ. मयताचा दाखला नसेल तरी या, यादी करू. आणि फुफीचा, बहिणींचा आधार नंबर पाठ नसेल तर त्यांना आत्ताच फोन लावा. कशासाठी हवाय, तेही त्यांना सांगा.