वठलेल्या शेवग्यातला भाडेकरू

बदलापूर पूर्वेला खरवईत आमचं घर आहे. मागे चार पावलांचं परसदार. त्यात एक पेरू, एक जास्वंद आणि कुंपणाशी वठलेला शेवगा. एवढ्याशा जागेत कसले आलेत पक्षी, असं मलाही वाटायचं.

मार्च उजाडला की भल्या पहाटे वायरीवरून शीळ सुरू होते. तो दयाळ. पाठ काळी, पोट पांढरं, शेपटी उभारलेली. मादीच्या अंगावर काळ्याऐवजी राखाडी रंग. पावसाळा सरला की गाणं थांबतं. पहिल्या वर्षी मला वाटलं, पक्षी गेला. गेला नव्हता, जास्वंदीखालचा पाचोळा उलटून किडे टिपत होता. त्याचं गाणं विणीच्या हंगामातलं, आपली हद्द सांगणारं आणि मादीला बोलावणारं.

कान दिले की अशा समजुती गळून पडतात. आपण कोकिळेचं कौतुक करतो, पण ‘कुहू’ची साद घालतो तो काळा नर, मादी असते ठिपक्याठिपक्यांची. जास्वंदीत वळवळणारा इवलासा शिंपी पानांच्या कडांना चोचीने भोकं पाडतो, त्यांतून कापूस नि कोळिष्टकं ओवतो आणि त्या द्रोणात घरटं करतो.

आता शेवग्याची गोष्ट. गेल्या एप्रिलमध्ये सोसायटीत ठरलं, पावसाआधी हे लाकूड पाडायचं. भीती खरी होती; खाली मुलं खेळतात. त्याच आठवड्यात दयाळीण चोचीत काड्या घेऊन खोडाच्या ढोलीत शिरताना दिसली. मी सेक्रेटरींना म्हटलं, “भाऊ, महिनाभर थांबा.” दोन आठवडे अंडी उबवायला, जवळपास तेवढेच पिल्लांना पंख फुटायला. ते हसले, पण थांबले. मुलांनीच खोडाभोवती दोरी बांधली.

मेच्या मध्यावर तीन पिल्लं कुंपणावर बसलेली पाहिली. पुढे रीतसर परवानगी आली आणि शेवगा पडला. योग्यच झालं, तरी मनात आलं, वठलेलं झाड आपल्याला अडचण, पण ढोलीत राहणाऱ्याचं ते घर. दयाळाला स्वतः ढोली कोरता येत नाही.

म्हणून पेरूवर एक लाकडी खोकं टांगलंय. यंदा दयाळीण दोनदा डोकावून गेली. अजून मुक्काम केलेला नाही. मी वाट पाहतेय. श्रोतेहो, तुमच्या अंगणातलं वाळकं खोड पाडण्याआधी तुम्हीही एकदा ढोलीत डोकावून बघा.