होर्मुझची सामुद्रधुनी आणि आपला सिलिंडर

(सामुदायिक रेडिओवरील भाषण, नागपूर, जुलै २०२५)



२०२५ च्या जूनमध्ये आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक निरोप फिरला. इराणने समुद्राचा रस्ता बंद केला, उद्यापासून गॅस मिळणार नाही, आजच नंबर लावा. आमचा गट नंदनवनमध्ये विद्यार्थ्यांचे डबे करतो. पंच्याऐंशी डबे, दोन्ही वेळचे. गॅस नाही तर डबा नाही. गटात वयाने मी मोठी, हिशेबही माझ्याकडे, त्यामुळे "थांबा गं, घाबरू नका" म्हणायचं काम माझं. पण खरं सांगते, एजन्सीला पहिला फोन मीच लावला.

रस्ता काही बंद झाला नव्हता. २२ जूनला इराणच्या संसदेने तो बंद करण्याच्या बाजूने कौल दिला, एवढंच घडलं होतं. अंतिम निर्णय दुसऱ्यांच्या हातात होता आणि तो झालाच नाही. तरी त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हा विषय बसला. म्हणून आज तोच घेऊन आले आहे.

झिरो माइलच्या खांबाजवळ उभं राहिलं तर चारी दिशांना समुद्र दूरच. आपला आणि जहाजांचा काय संबंध, असं आपल्याला वाटतं. हा रस्ता म्हणजे होर्मुझची सामुद्रधुनी. एका बाजूला इराण, दुसऱ्या बाजूला ओमान. सगळ्यात अरुंद जागी रुंदी साधारण ३३ किलोमीटर, म्हणजे आपल्या इथून बुटीबोरी जेवढं लांब, जवळजवळ तेवढीच. त्यातही मोठ्या जहाजांना जायला एक पट्टा आणि यायला एक पट्टा, प्रत्येकी तीनेक किलोमीटरचा. सौदी अरेबिया, इराक, कुवेत, कतार, संयुक्त अरब अमिराती आणि खुद्द इराण यांचं बहुतेक तेल याच दारातून बाहेर पडतं. २०२४ साली रोज सुमारे २ कोटी पिंपं. जगात जेवढं तेल रोज लागतं, त्याचा पाचवा हिस्सा. एक पिंप म्हणजे १५९ लिटर.

१३ जूनला इस्रायलने इराणवर हल्ला केला. त्याच्या आदल्या दिवशी पिंपाचा भाव ७० डॉलरच्या आत होता. आठवडाभरात तो ८० च्या जवळ गेला. २४ जूनला युद्धविराम झाला आणि भाव पुन्हा ७० च्या खाली आला. या सगळ्या दिवसांत सामुद्रधुनी उघडीच होती. मग भाव चढला कशाने?

कळमन्याच्या बाजारात विचारा. काटोलकडे गारपीट झाली अशी नुसती बातमी आली, की संत्र्याचा भाव चढतो. गाड्या तर अजून कालच्याच मालाच्या आलेल्या असतात. व्यापारी आजच्या मालाचा नाही, पुढच्या आठवड्याच्या मालाचा विचार करतो. तेलाचंही तसंच. उद्या मिळेल की नाही, ही शंका आजच्या भावात येऊन बसते. शिवाय जहाजाला विमा लागतो. युद्धाच्या पाण्यातून जायचं तर विमा कंपनी जास्त हप्ता मागते, जहाजवाला जास्त भाडं मागतो, आणि हे सगळं तेलाच्या किमतीत मिळतं.

आपला देश लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक बाहेरून आणतो. रोजची जवळपास ५० लाख पिंपं धरा. पिंपामागे १० डॉलर वाढले तर रोजचे ५ कोटी डॉलर जादा. बारा दिवसांत सगळं निवळलं, म्हणून जूनमध्ये पंपावरचा भाव हलला नाही. उलट १ जुलैला आमचा १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर स्वस्त झाला, दिल्लीत ५८ रुपये ५० पैशांनी. आमच्या गटातल्या मुली मला अजून चिडवतात.

पण मला १९९० आठवतं. माझं नवीन लग्न झालं होतं, महालात राहत होतो. गॅससाठी नाव नोंदवून वाट बघत होतो आणि तोवर रॉकेलचा स्टोव्ह. २ ऑगस्टला इराकने कुवेत घेतलं. सासूबाई रेडिओ ऐकत ऐकत म्हणाल्या, "त्या कुवेतचं आपल्याला काय वं?" दोन-तीन महिन्यांत तेलाचा भाव दुप्पट झाला. सरकारने इंधनावर आखाती अधिभार लावला. आखातात राबणारे दीड लाखांवर भारतीय विमानांनी परत आणावे लागले, म्हणजे त्यांच्या घरी येणारे पैसेही थांबले. देशाची तिजोरी आधीच दुबळी होती. त्यात हे. १९९१ च्या उन्हाळ्यात परकीय चलन इतकं आटलं, की दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतंच उरलं. मग देशाने काय केलं? आपण अडचणीत जे करतो तेच. सोनं गहाण टाकलं. जुलैमध्ये रिझर्व्ह बँकेने ४७ टन सोनं परदेशात पाठवलं. सगळा दोष कुवेतच्या युद्धाचा नव्हता, कर्ज जुनंच होतं. पण शेवटचा धक्का तिथून बसला. ती बातमी आली तेव्हा सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांच्या स्वतःच्या पाटल्या सावकाराकडे जाऊन आलेल्या होत्या.

आज देश तेव्हाइतका दुबळा नाही. कच्चं तेल २०२५ मध्ये रशियाकडूनही भरपूर येत होतं. विशाखापट्टणम, मंगळुरू आणि पादूर इथे जमिनीखालच्या गुहांत ५३ लाख टनांचा साठा राहील एवढी सोय आहे. म्हणजे पेट्रोल-डिझेलला काही दिवस तरी आधार आहे. मला काळजी वाटते ती स्वयंपाकाच्या गॅसची, आणि त्याबद्दल बातम्यांत फार कमी बोललं जातं.

आपल्याकडे आता जवळपास ३३ कोटी गॅस जोडण्या आहेत. चुलीचा धूर गेला, हे फार मोठं काम झालं, त्यात वाद नाही. पण कच्च्या तेलातून गॅस थोडाच निघतो. त्यामुळे देशात लागणाऱ्या तीन सिलिंडरांपैकी जवळपास दोन बाहेरच्या गॅसने भरतात. तो गॅस येतो कतार, अमिराती, सौदी, कुवेतमधून, आणि त्यातला बहुतेक याच चिंचोळ्या दारातून. सौदीने तांबड्या समुद्रापर्यंत आणि अमिरातीने फुजैरापर्यंत तेलाच्या नळवाहिन्या टाकल्या आहेत, पण त्या कच्च्या तेलाच्या. कतारला तर दुसरी वाटच नाही. साठ्याचं म्हणाल, तर विशाखापट्टणमला गॅसची एक गुहा आहे, ६० हजार टनांची. देशाला दिवसाला गॅस लागतो सुमारे ८५ हजार टन. २०२५ च्या मध्यापर्यंत बाकी टाक्यांतून, बॉटलिंग प्लांटमधून असायचा तेवढाच. रशियाचं तेल कितीही आणलं, तरी आपल्या शेगडीला त्याचा फारसा उपयोग नाही.

भावाचंही तसंच. आपला गॅस कुठल्या दराने घ्यायचा, हे सौदी अरेबियाची कंपनी दर महिन्याला जो दर जाहीर करते त्याच्या आधाराने ठरतं. घरच्या सिलिंडरचा धक्का सरकार आणि तेल कंपन्या काही काळ अंगावर घेतात. तरी २०२५ च्या एप्रिलमध्ये तो ५० रुपयांनी वाढलाच, उज्ज्वलाच्या बहिणींचासुद्धा. व्यावसायिक सिलिंडर मात्र बहुतेक दर पहिल्या तारखेला हलतो. तर्री-पोह्याची गाडी लावणारी, मेस चालवणारी, पापड भाजणारी बाई हा धक्का थेट खाते. पोरांचा डबा मात्र आम्ही जूनमध्ये वर्षभराच्या एकाच दराने ठरवतो.

या वेळी आम्ही दोन गोष्टी केल्या. डब्याच्या करारात एक ओळ घातली: सिलिंडर इतक्या रुपयांचा धरून हा दर ठरवला आहे, शंभराच्या वर वाढला तर दर पुन्हा बोलू. दोन-चार पालक कुरकुरले, बाकीच्यांनी सही केली. आणि गटाच्या पैशातून दोन इंडक्शनच्या शेगड्या घेतल्या. भात-वरण त्यावर होतं. पोळ्यांना अजून गॅसच लागतो. पंच्याऐंशी डब्यांच्या पोळ्या विजेवर कशा करायच्या, हे कोणी करून पाहिलं असेल तर रेडिओच्या पत्त्यावर मला जरूर कळवा. पुढच्या बुधवारी त्याबद्दल बोलू.