जुना लॅपटॉप, हलका संसार
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



गाणी आणि फराळ यांच्या मधल्या वेळात मला बोलावयास सांगितले आहे, आणि विषय आहे जुन्या लॅपटॉपचा. विषय रुक्ष खरा. पण मंडळाच्या कपाटात देणगीदाखल आलेले चार लॅपटॉप पडून आहेत आणि ते भंगारात द्यावेत काय, असा प्रश्न कार्यकारिणीपुढे आहे. देऊ नयेत, असे माझे मत आहे. का, ते सांगते.

लॅपटॉप जुना होतो म्हणजे काय होते? पडदा दिसतो, कळफलक चालतो. पण सुरू होईतो चहा उकळून गाळून होतो. संगणकात दोन जागा असतात. हार्ड डिस्क म्हणजे कोठीची खोली. सामान तिथे राहते. रॅम म्हणजे ओटा. काम तिथे चालते. आपल्या चौघांपैकी दोघांचा ओटा २ जीबीचा, दोघांचा ४ जीबीचा. स्वयंपाक मात्र दरसाल वाढत गेला. ओट्यावर मावेना म्हणून यंत्र सामान सारखे कोठीत नेते आणि परत आणते. त्यातच त्याचा वेळ जातो. थोडक्यात, यंत्र थकलेले नाही; त्याच्यावरचा भार वाढला आहे.

त्यातच विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बराच नवा प्रोसेसर लागतो. म्हणून दुकानदार सांगतो, "बाई, नवाच घ्या."

दुसरी वाट आहे ती लिनक्सची. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहिला आणि सर्वांना खुला केला. पुढे जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. ही पाककृती कोणी झाकून ठेवलेली नाही. घ्यावी, वापरावी, शेजारणीलाही द्यावी. तिचे अनेक प्रकार आहेत. ४ जीबीच्या यंत्राला लिनक्स मिंटचा एक्सएफसीई हा प्रकार किंवा लुबंटू चांगले. २ जीबीच्या यंत्राला अँटीएक्स. हे हलके असतात, कारण दिखाऊ सजावट कमी आणि मागे गुपचूप चालणारी कामेही मोजकी.

कृती अशी. आधी आपले फोटो आणि कागदपत्रे दुसरीकडे उतरवून घ्यावीत. हे कधीही चुकवू नये, कारण पूर्ण बसवताना डिस्क पुसली जाते. मग ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर लिनक्स उतरवून लॅपटॉप त्यावरूनच सुरू करावा. काहीही न पुसता ते चालवून पाहता येते. वायफाय, आवाज, छपाई तपासावी. भाताचे शीत दाबून पाहावे तसे. पसंत पडले तरच बसवावे. पदरी थोडे पैसे असतील तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी घालावी. पुष्कळ जुन्या यंत्रांत ती बसते आणि फरक लगेच जाणवतो.

आता उणेही सांगते. इंटरनेटची पाने आजकाल जड झाली आहेत. २ जीबीच्या यंत्रावर एका वेळी दोन-तीनच उघडावीत. हिशेबाच्या काही प्रणाली केवळ विंडोजवरच नीट चालतात. आणि ३२ बिटांच्या फार जुन्या यंत्रांना लिनक्सवर क्रोमने २०१६ मध्ये आणि फायरफॉक्सने २०२५ मध्ये नव्या आवृत्त्या देणे थांबवले. आपले चारही लॅपटॉप ६४ बिटांचे आहेत, हे मी पाहून घेतले आहे.

पत्र लिहिणे, जमाखर्च मांडणे, अर्ज भरणे, व्याख्यान ऐकणे, एवढे त्यांच्यावर खुशाल होईल. लिबरऑफिस फुकट मिळते आणि मराठी टंकनाचा इनस्क्रिप्ट कळफलकही लिनक्समध्ये घेता येतो. केरळातल्या शाळांत मुले कित्येक वर्षे अशाच मुक्त प्रणालीवर शिकत आहेत.

आपल्या अभ्यासिकेत येणाऱ्या काही मुलींच्या घरी एकच फोन असतो, आणि तो आईबरोबर कामावर जातो. शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला त्या रात्रीची वाट पाहतात. त्यांच्यापुढे उद्या चार पडदे उघडले, तर भंगाराच्या चार पैशांची किंमत आपल्याला कळेल.

म्हणून माझी सूचना अशी: येत्या दोन शनिवारी दुपारी आपण इथे जमावे आणि हे काम आपल्याच हातांनी करावे. "तुला त्यातले काय कळते?" हे आपण घरात पुष्कळ ऐकले. ज्या हातांनी शिवणयंत्राचे शटल उघडून साफ केले, त्यांना हे अवघड नाही. मी बरोबर आहेच. येताना प्रत्येकीने एक पेन ड्राइव्ह तेवढा आणावा.