कोपऱ्यातल्या खेळाडूचं मोल





मुळशीतल्या या कबड्डी परिषदेत आजचा विषय आहे लिलाव आणि खेळाडूची मैदानावरची जागा. प्रो कबड्डीत मोठी बोली बहुधा चढाईपटूवरच लागते. आपल्या चंदगडच्या सिद्धार्थ देसाईला २०१९ मध्ये १ कोटी ४५ लाख मिळाले, पवन सेहरावत २०२३ मध्ये २ कोटी ६० लाखांच्या पुढे गेला. कारण उघड आहे. चढाईपटू एका दमात तिघांना बाद करू शकतो, वर बोनस मिळवतो, आणि सगळे गुण त्याच्याच नावावर लागतात. पकडीचं तसं नाही. डावा कोपरा घोटा धरतो, कव्हर येऊन धडकतो, साखळी वाट अडवते. गुण मात्र एकाच्याच नावावर चढतो. बाकीचे राबतात, पण गुणपत्रिकेत दिसत नाहीत.

हॉकीतही हेच. हॉकी इंडिया लीगच्या २०२४ च्या लिलावात सर्वाधिक ७८ लाख मिळाले हरमनप्रीत सिंगला. तो बचावपटू खरा, पण पेनल्टी कॉर्नरवर गोल करणारा. जे मोजता येतं, त्याचाच भाव चढतो.

पण प्रो कबड्डीत करंडक कुणाकडे गेला, तेही पाहा. इराणचा मोहम्मदरझा शादलुई लिलावाच्या यादीत अष्टपैलू, मैदानावर डावा कोपरा. २०२३ मध्ये पुणेरी पलटणने त्याला २ कोटी ३५ लाखांना घेतलं आणि अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली १ मार्च २०२४ रोजी विजेतेपद पटकावलं. पुढच्या लिलावात सर्वात महाग ठरला चढाईपटू सचिन तंवर, २ कोटी १५ लाखांना. त्याचा तमिळ थलैवाज संघ बाद फेरीही गाठू शकला नाही. शादलुई २ कोटी ७ लाखांत हरियाणाच्या संघाकडे गेला, आणि २९ डिसेंबर २०२४ रोजी इथे, आपल्या उंबरठ्यावरच्या बालेवाडीत, हरियाणाने करंडक उचलला.

तरीही निवड चाचणीला आलेला प्रत्येक पोरगा म्हणतो, ‘सर, मी चढाईला.’ त्याचा दोष नाही. आपणच चढाईचे गुण मोजतो आणि टाळ्याही तिथेच वाजवतो. म्हणून स्वागताध्यक्ष या नात्याने एकच विनंती करतो. तालुक्याच्या चाचणीत पकडीला हातभार लावणाऱ्या प्रत्येकाची वेगळी नोंद ठेवा आणि संघ निवडताना ती समोर घ्या. हा ठराव या परिषदेत व्हावा.